थोडं आणखी जवळ

जानेवारी २०१२. केपटाऊनचा टेबल माउंटन. पंखांसारखा विंगसूट घातलेला साहसवीर जेब कॉर्लिस कड्यावरून झेपावला. खाली खडकाच्या धारेशी फुगे बांधलेले. त्यांना चाटून जायचं होतं. थोडं आणखी जवळ.

पाय खडकावर आदळले.

हवेत गरगरतानाही त्यानं पॅराशूट उघडलं, म्हणून जीव वाचला. दोन्ही घोटे मात्र मोडले. हेलिकॉप्टरनं त्याला डोंगरावरून उचललं.

तो नवखा नव्हता. सराईतांचाच घात असा होतो. काल निभावलं, म्हणून आज थोडं आणखी जवळ. घाटातल्या वळणावर ओव्हरटेक करणारा तरी वेगळं काय करतो? सवय झाली की धाक उरत नाही.

मंडळी, आज गाडी काढाल, तेव्हा पुढच्या गाडीपासून अंतर राखा. घरी पोहोचायला थोडा उशीर झाला तरी चालेल.