कडब्याचा भाव

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णा-पंचगंगेला महापूर आला. शिरोळ तालुक्यात उभी वैरण बुडाली, गंज्या भिजून कुजल्या. बुरशी धरलेला कडबा दुभत्या जनावरापुढे टाकता येत नाही. तेव्हा कोरड्याचा भाव चढणारच. मग ज्याची गंजी कोरडी राहिली, त्याने अडलेल्याकडून मागेल तो भाव घ्यावा काय? आम्ही म्हणतो, आधी आपल्या गोठ्यापुरते ठेवावे. उरलेल्याचे मोल घ्यावे, गाडीभाडेही घ्यावे. पण शेजाऱ्याच्या अडचणीचे मोल लावू नये. घासाघीस माणसे करतात, उपाशी गाय राहते. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात धान्याची कोठारे खुली केली, ही कथा आपण कीर्तनात डोलत ऐकतो. मायबापहो, आपली गंजी हेही एक कोठारच नव्हे का?