क्षत्रपाचा जावई निगमसभेत

प्राचीन इराण आणि ग्रीस यांच्या राज्यपद्धतीचा विचार करायला फार लांब जावं लागत नाही. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला 1906 साली चांदीची 13,000 हून अधिक नाणी सापडली. ती नहपान क्षत्रपाची. क्षत्रप म्हणजे प्रांताधिकारी; ही पदवी मूळची इराणी. इराणच्या दारयवहू राजाने (इ.स.पू. 522–486) आपलं अवाढव्य साम्राज्य क्षत्रपांकरवीच चालवलं. स्थानिक देव, भाषा, रीतिरिवाज यांना शक्यतो हात लावायचा नाही, पण ठरलेली खंडणी आलीच पाहिजे, आणि क्षत्रप डोईजड होऊ नये म्हणून त्याच्यावर राजाची वेगळी नजर. अलेक्झांडरने इराण जिंकला, ही घडी मात्र मोडली नाही. बॅबिलोनवर त्याने मझायस हा जुनाच इराणी सरदार नेमला.

जोगळटेंभीच्या नाण्यांवर एका बाजूला नहपानाचं मस्तक आणि भोवती ग्रीक अक्षरांत प्राकृत मजकूर, दुसऱ्या बाजूला ब्राह्मी आणि खरोष्ठी. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला, पण ही नाणी वितळवली नाहीत. बहुतेकांवर स्वतःचा शिक्का मारून तीच चालवली. काही नाण्यांवर त्या शिक्क्याखाली जुना चेहरा अजून ओळखू येतो.

राज्यकर्त्याच्या उपयोगाचं जे असतं, ते असं दूरवर पोचतं; बाकीचं पोचतंच असं नाही. अथेन्समध्ये चिठ्ठ्या टाकून 500 नागरिकांचं मंडळ निवडलं जाई. स्त्रिया, गुलाम आणि परके त्यातून वगळलेले, तरीही सामान्य माणसाच्या हाती कारभार देणारी ती मोठी गोष्ट होती. ग्रीक अक्षरं दख्खनला आली, ही पद्धत आली नाही. शिवाय खुद्द अथेन्सनेही दोस्त नगरांशी वागताना साम्राज्याचाच कित्ता गिरवला आणि इ.स.पू. 454 मध्ये सर्वांचा सामाईक खजिना डेलोसहून आपल्याकडे हलवला.

पण म्हणून इथे सभा नव्हती, असं मुळीच नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात, नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, 3000 कार्षापण नाण्यांची कायम ठेव ठेवली. एकीकडे 2000, दरमहा शेकडा एक व्याजाने; दुसरीकडे 1000, शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. 2000 चं वर्षाचं व्याज 240, आणि त्यातून वर्षावासातल्या 20 भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी 12. हिशेब चोख आहे. पुढे लेख सांगतो की हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवलं आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवलं.

हाताशी फौज असलेल्या माणसाचं दान नगराच्या सभेत वाचलं जातं, ही मला या सगळ्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. क्षत्रप आज आहे, उद्या नाही. विणकरांची श्रेणी आणि सभा राहणार, हे उषवदातानेही ओळखलं असावं. क्षत्रपाची सत्ता गेलीच. गौतमीपुत्राने आपल्या राज्याच्या 18 व्या वर्षी उषवदाताकडचं 200 निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) एवढं शेत भिक्षूंना दिलं, आणि हुकुमात ते उषवदाताच्याच नावाने ओळखलं. सहा वर्षांनी गौतमीपुत्राला आणि त्याच्या आईला दुसरा हुकूम काढावा लागला. दिलेलं शेत कोणी कसत नव्हतं, गावात वस्ती उरली नव्हती. मग त्याऐवजी नगराच्या सीमेवरच्या राजाच्या स्वतःच्या जमिनीतून 100 निवर्तनं तोडून द्यावी लागली.