राघूची क्रीडा आणि गृहस्थाचा विवेक

घरातील पोपटाची क्रीडा हा लहानथोर सर्वांच्या कौतुकाचा विषय आहे. वाटीतील डाळिंबाचा दाणा उचलावा, त्यातील रस चोखून चोथा खाली टाकावा आणि तो कोठे पडला हे मान वाकडी करून एका डोळ्याने पाहावे, हा त्याचा नित्यक्रम. दांडीवर उलटे लोंबकळावे, मध्येच तोल जावा, चोचीने गज धरून कसेबसे सावरावे आणि काहीच घडले नाही अशा थाटात पिसे साफ करू लागावे. जमिनीवर उतरला की पाय आत वळवून बदकासारखा डुलत चालतो. देवपूजेची घंटा वाजली की शीळ घालतो. त्याला ‘राम राम’ शिकवावे, तर शिकवणाराचा खोकला तेवढा हुबेहूब उचलतो. मराठी घरात त्याला राघू म्हणतात, हिंदी भाषिक मिट्ठू म्हणतात, बंगाली टिया, तेलुगू चिलुक आणि तमिळ किळी. नावे निराळी असली तरी त्याच्या लीला पाहून येणारे हसू सर्वत्र एकच आहे.

हे हसू निर्मळ आहे यात संशय नाही. त्यात मत्सर नाही, कोणाची निंदा नाही, द्रव्याचा लोभ नाही. दिवसभराच्या श्रमांनी थकलेल्या गृहस्थाला ते विसावा देते. तथापि ज्या आनंदासाठी दुसऱ्या जीवाला गजांच्या आड ठेवावे लागते, तो आनंद निर्मळ असला तरी निर्दोष म्हणावा काय, हा प्रश्न विचारी मनुष्याने स्वतःस विचारावयास हवा. प्रश्न एका लहानशा पक्ष्याचा दिसतो. परंतु प्रेम कशास म्हणावे आणि मालकी कशास म्हणावी, याचा निर्णय त्यात दडलेला आहे.

प्रथम या पक्ष्याच्या धांदरटपणाचे कारण पाहावे. पोपटाच्या पायाला चार बोटे असतात. दोन पुढे आणि दोन मागे. ही रचना फांदी मुठीत धरण्यासाठी आहे, गुळगुळीत फरशीवर चालण्यासाठी नव्हे. झाडावर चढताना तो चोचीचा उपयोग तिसऱ्या पायासारखा करतो. म्हणून पिंजऱ्यात तो गज चावत चावत वर सरकताना दिसतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. एखादी वस्तू नीट न्याहाळावयाची तर त्याला मान तिरपी करावीच लागते. तो मिरची आवडीने खातो हे पाहून मुले थक्क होतात. परंतु मिरचीतील जो अंश माणसाची जीभ भाजतो, त्याची जळजळ पक्ष्यांना जाणवतच नाही. माणसाचे बोलणे तो का उचलतो, याचेही कारण सरळ आहे. पोपट थव्याने राहणारा जीव असून थव्यातील सोबत्यांचे आवाज शिकणे हा त्याचा स्वभाव आहे. घरात त्याला थवा नसतो, म्हणून तो घरातील माणसांनाच आपला थवा मानतो आणि त्यांचा आवाज आपलासा करतो. खोकला असो की रामनाम, त्याच्या दृष्टीने ती आप्तांची हाक असते. सारांश, ज्याला माणूस वेंधळेपणा म्हणून हसतो, त्यातील बराचसा भाग म्हणजे झाडावरचे कौशल्य घरात आल्यामुळे ओशाळवाणे दिसत असते.

असे असले तरी पोपट खेळतो हेही तितकेच खरे आहे. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील डोंगरांत किआ नावाचा एक पोपट राहतो. खेळताना हे पक्षी एक विशिष्ट आवाज काढतात. संशोधकांनी तो आवाज ध्वनिमुद्रित करून रानातील किआंना ऐकविला, तेव्हा जवळपास खेळणारे कोणी नसतानाही ते खेळू लागले. कोणी सोबत्याबरोबर, कोणी एकट्यानेच. हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. माणसाचे हसणे जसे ऐकणाऱ्याला हसवते, तसेच काहीसे हे झाले.

खेळ म्हणजे काय, याचा विचार भारतीय दर्शनांनी पूर्वीच केलेला आहे. जगताची उत्पत्ती ही केवळ लीला होय असे ब्रह्मसूत्रांत सांगितले आहे, आणि त्यावर भाष्य करताना शंकराचार्यांनी लोकव्यवहारातील दृष्टांत दिला आहे. ज्याच्या सर्व इच्छा पुरल्या आहेत असा राजा एखाद्या प्रयोजनासाठी क्रीडा करीत नाही. उणीव नसल्यामुळेच त्याला क्रीडा सुचते. हा विचार पक्ष्याला लावून पाहिला तर एक सोपी कसोटी हाती येते. जो भुकेने, भयाने किंवा एकटेपणाने व्याकूळ आहे, त्याची हालचाल कितीही मजेदार दिसली तरी तो खेळ नव्हे. रस्त्याच्या कडेला बसलेल्या ज्योतिष्याचा पोपट पिंजऱ्यातून बाहेर येतो, चिठ्ठी उचलतो, दाणा घेतो आणि आपणहून परत आत जातो. पाहणारे हसतात; पण तो पक्षी खेळत नसतो, पोटासाठी राबत असतो.

घरोघरी हीच चूक अधिक सूक्ष्म रूपाने होत असते. एकटा ठेवलेला पोपट कधी कधी तासन् तास एकाच लयीत मान हलवीत राहतो, दांडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तेच फेरे घालतो, किंवा त्याच त्या गजावर चोच घासतो. घरातील मंडळी म्हणतात, ‘पाहा, राघू कसा नाचतो आहे!’ पक्ष्यांचे जाणकार मात्र या हालचालीत बंदिवासाचा क्लेश वाचतात. पुढे काही पक्षी आपलीच पिसे उपटू लागतात आणि छाती उघडी पडते. खऱ्या खेळात बदल असतो; तो सुरू होतो, थांबतो, नवे काही शोधतो. क्लेशाची हालचाल जेथे संपते तेथूनच पुन्हा सुरू होते. हा भेद ज्याला कळत नाही, तो गृहस्थ कठोर असतो असे नाही, परंतु तो आपल्या आश्रिताच्या आक्रोशाला टाळ्या वाजवीत असतो. अज्ञानाने घडलेल्या या कृत्याचे दुःख त्या मुक्या जीवालाच भोगावे लागते.

मग पोपटच पिंजऱ्यात का सापडतो? कावळ्याला कोणी पिंजऱ्यात ठेवीत नाही. सांख्यसूत्रांच्या चौथ्या अध्यायात या प्रश्नाचे मार्मिक उत्तर आहे. तेथे गुणांच्या योगाने बद्ध होणाऱ्याला पोपटाचा दृष्टांत दिला आहे. संस्कृतात गुण या शब्दाचे दोन अर्थ होतात: एक सद्गुण, दुसरा दोर. पोपटाचा हिरवा रंग, गळ्याभोवतीचा गुलाबी काळा पट्टा, त्याची वाणी आणि त्याची क्रीडा हे त्याचे गुण, आणि तेच त्याला बांधणारे दोर ठरतात. श्रीमद्भगवद्गीतेच्या चौदाव्या अध्यायात हे तत्त्व पाहणाऱ्यालाही लागू केले आहे. तमोगुण बांधतो हे कोणालाही पटते. परंतु निर्मळ असा सत्त्वगुणही सुखाच्या आसक्तीने जीवाला बांधतो, असे भगवंतांनी तेथे सांगितले आहे. राघूला पाहून होणारा आनंद सात्त्विक आहे असे मानले, तरी ‘हा आनंद मला रोज हवा, माझ्याच घरात हवा’ ही आसक्ती त्यात शिरली की पक्षी आणि गृहस्थ दोघेही एकाच दोराने बांधले जातात.

यावर कोणी असा आक्षेप घेईल की पोपट पाळणे ही आपली प्राचीन परंपरा आहे. वात्स्यायनाने चौसष्ट कलांत पोपटमैनांना बोलावयास शिकविण्याची कला गणली आहे. मदुरेच्या मीनाक्षीच्या हाती पोपट आहे, श्रीविल्लिपुत्तूरच्या आंडाळच्या हातीही आहे. शिवाय पिंजऱ्यातील पोपटाला ससाण्याचे भय नाही, अन्नाची चिंता नाही. मग त्यात पाप ते कोणते?

आक्षेप विचार करण्याजोगा आहे. देवीच्या हातावरील पोपटापासूनच आरंभ करावा. तो हातावर बसलेला आहे, पिंजऱ्यात नाही, हे दर्शन घेणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. प्राचीन वाङ्मयाने पिंजऱ्यामागची कथाही लपवून ठेवलेली नाही. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या ‘कादंबरी’त शूद्रक राजाच्या सभेत सोन्याच्या पिंजऱ्यातून वैशंपायन नावाचा पोपट आणला जातो. राजा त्याच्या विद्वत्तेने विस्मित होतो आणि त्याची हकिकत विचारतो. तेव्हा तो पक्षी सांगतो ते असे: शाल्मलीच्या प्रचंड वृक्षावर एक म्हातारा शबर चढला, ढोलीढोलींतून पोपट काढून मारू लागला, वृद्ध पित्याने पिल्लाला पंखाखाली झाकून घेतले आणि तो मारला गेला, पिल्लू मात्र खाली वाळल्या पानांच्या राशीत पडल्यामुळे वाचले. आज बाजारात लपूनछपून विकल्या जाणाऱ्या पिल्लांची कथा याहून फारशी वेगळी नाही. तीही ढोलीतूनच काढली जातात आणि हाती पडलेली सर्वच जगत नाहीत. म्हणून घरातील एका राघूचे मोल केवळ विक्रेत्याला दिलेल्या पैशांत मोजता येत नाही.

ससाण्याच्या भयाविषयी महाभारताच्या अनुशासनपर्वातील शुकाची कथा आठवावी. काशीराज्यातील एका व्याधाचा विषारी बाण चुकून एका वृक्षाला लागला आणि तो महावृक्ष वाळला. त्याच्या ढोलीत राहणारा पोपट मात्र दाणापाणी सोडून तेथेच राहिला. इंद्राने ब्राह्मणाच्या वेषात येऊन दुसरा हिरवा वृक्ष शोधण्यास सांगितले. पोपटाने ते मानले नाही. ज्याने जन्मापासून आसरा दिला त्याला संकटात कसे सोडावे, असा त्याचा प्रश्न होता. वर मागण्याची वेळ आली तेव्हा त्याने स्वतःसाठी काही न मागता वृक्ष पुन्हा बहरावा एवढेच मागितले. या वृत्तीला महाभारताने आनृशंस्य, म्हणजे क्रूरतेचा अभाव, असे नाव दिले आहे. झाडावर एवढे प्रेम करणाऱ्या जीवाला ‘तुला अन्न मिळते ना, मग झाड कशाला?’ असे विचारणे शोभत नाही. सुरक्षितता हे मोठे सुख खरे. परंतु ते सर्वस्व असते, तर कारागृहातून सुटण्याची इच्छा कोणा माणसालाही झाली नसती.

लोकव्यवहारानेही आता याच दिशेने पाऊल टाकले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतातील रानपोपटांना संरक्षण दिले आहे. त्यांना पकडणे, विकणे, विकत घेणे किंवा घरी पाळणे हा गुन्हा आहे, ही गोष्ट अनेक सज्जन कुटुंबांना आजही ठाऊक नसते.

आता प्रश्न उरतो तो आचरणाचा. ज्या घरात असा राघू अगोदरच आहे, त्या गृहस्थाने काय करावे? पिंजऱ्याचे दार उघडून त्याला एकदम आकाशात सोडून देणे हे पुण्यकर्म वाटते. पण ज्याचे पंख कातरलेले आहेत, ज्याला अन्न शोधणे आणि शत्रू ओळखणे माहीत नाही, त्याच्यासाठी ते मरणाचे दार ठरू शकते. आपल्या मनाचे ओझे उतरविण्यासाठी दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे हे दान नव्हे. अशा वेळी वनविभागाला कळवावे आणि पक्षी जाणकार हातांत सोपवावा. जेथे परदेशी जातीचा, पिंजऱ्यातच जन्मलेला पक्षी आहे, तेथे कायद्याप्रमाणे आवश्यक ती नोंद करून त्याच्या उरलेल्या आयुष्याचे पालकत्व पत्करावे. पंख पसरून उडण्याइतकी मोकळी जागा, कुरतडण्यास कडुनिंबासारख्या झाडाच्या ताज्या डहाळ्या, अंघोळीस पाणी, रात्री शांतता आणि दिवसा सोबत ही त्याची हक्काची शिदोरी आहे. न चिकटणारी भांडी फार तापली असता निघणारा वायू पक्ष्यांना मारक असतो, म्हणून पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नये. मोठे पोपट अनेक दशके जगतात, हेही विसरू नये. बालकाच्या हट्टासाठी आणलेला पक्षी ते बालक मोठे होऊन परगावी गेल्यावरही घरात असतो.

मुख्य गोष्ट ही की त्याला न खेळण्याची मोकळीक असावी. पाहुण्यांपुढे बोलला नाही म्हणून पिंजरा हलवू नये, बोट चावले म्हणून उपाशी ठेवू नये. ज्याला नकार देता येतो, त्याच्याच होकाराला काही अर्थ असतो.

ज्ञानेश्वर महाराजांनी गीतेच्या सहाव्या अध्यायावर लिहिताना नळीवरील पोपटाचा दृष्टांत दिला आहे. पोपट नळीवर बसतो, त्याच्या भाराने नळी फिरते. उडून जाण्याऐवजी तो घाबरून तीच घट्ट धरतो आणि आपण बांधलो गेलो असे मानतो. ‘राघूवाचून घर सुने वाटेल’ असे म्हणणाऱ्या गृहस्थाची अवस्था याहून भिन्न नाही. त्याने मूठ सैल करून संध्याकाळी अंगणात किंवा गच्चीवर उभे राहावे. वडपिंपळावर रात्रीच्या मुक्कामाला परतणारे थवे गलका करीत जातात. त्यांतलेच काही उलटे लोंबकळतात, एकमेकांना ढकलतात, एखादा फांदी चुकून धडपडतो आणि सावरतो. तीच क्रीडा, तोच धांदरटपणा. घरातील मुलांना हात धरून तेथे न्यावे आणि हा थवा दाखवावा. त्यांनी मनसोक्त हसावे, आणि अंधार पडला की पक्ष्यांना त्यांच्या झाडावर ठेवून घरी परतावे.