आकडा वाढवून उजेड पडत नाही

संगणकावर खोली उभी करणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. सोफ्याचं कापड, लाकडातल्या रेषा, फरशीची चकाकी, सगळं हुबेहूब जमतं. घोडं अडतं ते छताला टांगलेल्या साध्या बल्बपाशी. तो पेटलाय असं वाटतच नाही. नुसता पांढरा गोळा दिसतो.

नवशिका मग आकडा वाढवत सुटतो. शंभर वॉट, पाचशे, हजार. भिंती भगभगीत होतात, बल्ब मात्र होता तसाच. खरी अडचण बल्बची नसून पडद्याची असते. ६० वॉटच्या दुधी बल्बचं तेज चौरस मीटरला वीस हजार कँडेलांच्या घरात असतं. पारदर्शक बल्बमधल्या तापलेल्या तारेचं तर दहा लाखांच्याही वर. आपल्या नेहमीच्या मॉनिटरचा पांढरा रंग तीनशेच्या आसपास दम टाकतो. त्यापुढे कितीही ओता, पांढरं ते पांढरंच.

जाणकार उलट्या वाटेने जातो. तो एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा एकूण उजळपणा, उतरवतो, कोपऱ्यांत काळोख राहू देतो. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा उरतो, हा निसर्गाचा हिशेब तो भिंतीवर दिसू देतो. बल्बचं रंगतापमान २७०० केल्विनच्या आसपास ठेवतो, म्हणजे जवळच्या छतावर पिवळसर ऊब उतरते आणि खिडकीबाहेरची संध्याकाळ आपोआप निळी वाटते. शेवटी बल्बभोवती एक पुसट वलय देतो. गंमत अशी, की हे वलय खोलीत नसतंच. प्रखर उजेड डोळ्यात शिरताना पारपटलात आणि भिंगात थोडा विखुरतो, त्याची ती खूण. ग्रेग स्पेन्सर, पीटर शर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली हे विखुरणं गणितात बसवून चित्रात आणलं. वलय दिसलं की मन समजून घेतं, समोर काहीतरी लखलखतंय. प्रत्यक्षात पडदा तीनशेच्या पुढे तसूभरही सरकलेला नसतो.

म्हणजे दिवा किती प्रखर, हे दिवा स्वतः सांगूच शकत नाही. ते सांगतात छत, कोपरा आणि बघणाऱ्याचे दिपलेले डोळे.

माणसाची थोरवी सांगतानाही हेच होतं. आपली मानपत्रं आठवून बघा. ‘ज्ञानमहर्षी’, ‘ऋषितुल्य’, ‘विद्यार्थिप्रिय’... तिसऱ्या विशेषणानंतर सभागृहात कुणी ऐकत नसतं. कारण तेच, पांढऱ्यापुढे पांढरं नाही. मग मागच्या रांगेतला एखादा माजी विद्यार्थी उठतो आणि म्हणतो, “सर भयंकर तापट होते. दोनदा वर्गाबाहेर काढलं त्यांनी मला. पण दहावीच्या परीक्षेची फी त्यांनी भरली, आणि ते घरीसुद्धा कळू दिलं नाही.” आता सर दिसू लागतात. त्या तापटपणासकट दिसतात, म्हणून खरे वाटतात. मानपत्र लिहिणाऱ्याने हाच कोपरा उजळून टाकला होता आणि तिथेच सर हरवले होते.

कुणाबद्दल चार शब्द बोलायची वेळ आली, तर एक विशेषण गाळावं. त्या जागी एक प्रसंग ठेवावा आणि धीर झालाच तर एखादी उणीवही.