हरलेल्या संघाचे आपण कोण?

खेळ हा विषय आपल्या त्रैमासिकाच्या पानांवर क्वचितच येतो. व्यसनाधीनता, विवाहातील बेबनाव, मुलांचे शिक्षण, वडीलधाऱ्यांची उपेक्षा या प्रश्नांवर आपण पुनःपुन्हा लिहितो आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या गोष्टीसाठी घरातील आजोबांपासून नातवापर्यंत सर्वजण वर्षातील कितीतरी संध्याकाळी दूरदर्शन संचासमोर श्वास रोखून बसतात, तिच्याकडे नैतिक दृष्टीने पाहण्याची सवय आपल्याला नाही. म्हणून येथे एकच प्रश्न विचारार्थ घेण्याचे आम्ही योजिले आहे. आपला संघ सारा हंगाम उत्तम खेळून शेवटच्या पायरीवर हरतो, तेव्हा आपल्याला होणारे दुःख खरे असते काय? आणि त्या दुःखातून जो संताप उसळतो, त्याला न्याय्य म्हणता येईल काय?

उदाहरणासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. द्रुतगती मार्गालगत गहुंजे येथे क्रिकेटचे मैदान उभे राहिले आणि पिंपरी-चिंचवडच्या उंबरठ्यावर मोठे क्रिकेट आले. 'पुणे वॉरियर्स' हा आपला पहिला संघ २०११ ते २०१३ असे तीन हंगाम गुणतक्त्याच्या तळाशी घालवून नाहीसा झाला. पुढे २०१५ मध्ये सट्टेबाजीच्या प्रकरणात न्यायमूर्ती लोढा समितीने चेन्नई आणि राजस्थान या संघांना दोन वर्षांसाठी निलंबित केले. त्यांची रिकामी जागा भरण्यासाठी जे दोन संघ आले, त्यांतील एक 'रायझिंग पुणे सुपरजायंट'. त्याचे आयुष्य जन्मतःच दोन वर्षांचे ठरलेले होते. २०१६ मध्ये तो आठ संघांत सातवा आला. २०१७ मध्ये मात्र कायापालट झाला. साखळी फेरीत संघ दुसऱ्या स्थानी पोहोचला. महाराष्ट्राकडून रणजी खेळणारा राहुल त्रिपाठी दहा लाखांच्या मूळ बोलीवर घेतलेला होता. त्याने ३९१ धावा केल्या. मुंबईच्या बलाढ्य संघाला तर पुण्याने त्या हंगामात तीनदा हरवले.

चौथ्यांदा गाठ पडली ती २१ मे २०१७ रोजी, हैदराबाद येथे, अंतिम सामन्यात. मुंबईने १२९ धावा केल्या. शेवटच्या षटकात पुण्याला ११ धावा हव्या होत्या. पहिल्या चेंडूवर चौकार गेला. पुढच्या दोन चेंडूंवर दोन गडी बाद झाले, त्यांत ५१ धावा करणारा कर्णधार स्टीव्ह स्मिथही होता. अखेरच्या चेंडूवर चार धावा हव्या असताना दोन निघाल्या आणि तिसऱ्या धावेच्या प्रयत्नात फलंदाज धावबाद झाला. एका धावेने पराभव झाला. त्यानंतर करार संपला आणि संघही संपला. पुढच्या वर्षी भरपाई करू, एवढे म्हणण्याचीही सोय उरली नाही.

तो रविवार होता. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीच्या बसमध्ये, टपरीवर, कारखान्याच्या कँटीनमध्ये जी चर्चा झाली असेल, ती वाचकांनी सहज कल्पावी, कारण अशी चर्चा आपण सर्वांनी ऐकली आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात, सलग दहा सामने जिंकलेला भारतीय संघ अहमदाबादेत अंतिम सामना हरला, तेव्हाही तीच वाक्ये कानी आली. अमुक एकाने संथ खेळून घात केला. तमुक एकाला संघात घेतलेच कशाला? कोट्यवधी रुपये घेतात आणि एक चौकार मारता येत नाही! आधी हळहळ, मग दोषारोप आणि शेवटी शिवीगाळ, असा हा क्रम ठरलेला असतो.

प्रथम हळहळीचा विचार करू. सुजाण माणसाने पैशाच्या खेळासाठी डोळ्यांत पाणी आणावे हे काही जणांना हास्यास्पद वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. संत थॉमस अक्विनास यांनी आपल्या 'सुम्मा' या महाग्रंथात खेळ आणि विरंगुळा यांवर स्वतंत्र विवेचन केले आहे आणि तेथे संत योहानाविषयीची एक जुनी कथा सांगितली आहे. योहान आपल्या शिष्यांसमवेत खेळण्यात रमलेला पाहून काही जण अस्वस्थ झाले. तेव्हा त्याने त्यांच्यातील एका धनुर्धाऱ्याला एकामागून एक बाण सोडावयास लावले आणि विचारले, हे असेच अखंड करत राहशील काय? तसे केल्यास धनुष्य मोडून जाईल, असे त्याने उत्तर दिले. मनाचेही तसेच आहे, हा कथेचा आशय. तीन पाळ्यांत राबणाऱ्या आपल्या पट्ट्याला तो वेगळा समजावून सांगण्याची गरज नसावी.

शिवाय येथे केवळ विरंगुळ्याचा प्रश्न नाही. आपल्या धर्मग्रामांत मराठवाड्यातून, नगर-संगमनेरकडून, वसईतून, गोव्यातून, केरळ-तामिळनाडूतून आलेली कुटुंबे शेजारी शेजारी राहतात. चाकणला किंवा भोसरीला नोकरी लागली म्हणून माणूस येथे राहावयास येतो, पण 'गाव कोणते?' असे विचारले की दुसरेच नाव सांगतो. अशा माणसाच्या मुलाने 'आपले पुणे' म्हणून ओरडावे, ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. ज्या भूमीने पोट भरले तिला आपले म्हणण्याचे निमित्त त्याला मिळालेले असते. म्हणून तो संघ हरल्यावर झालेले दुःख खोटे नाही. जेथे आपलेपणा आहे तेथे हरवण्याचे भयही असणारच.

अर्थात प्रत्येक प्रेमाला त्याची पायरी असते. संत ऑगस्टीन यांनी सद्गुणाचे वर्णन प्रेमाची सुव्यवस्था असे केले आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला आगगाडीने पाणी पोहोचवावे लागत होते. त्या वेळी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यावे लागले आणि पुण्याचा संघ आपले घर सोडून विशाखापट्टणमला खेळला. प्रेक्षकांचा विरस झाला. तथापि तहान आणि हिरवळ यांत कोणाची पायरी वरची, याविषयी विवेकी माणसाच्या मनात शंका नव्हती. दुःख खरे असावे, पण ते आपल्या जागी असावे, एवढेच यातून घ्यावयाचे.

आता संतापाकडे वळू. 'आम्ही तिकीट काढतो, वेळ देतो, खेळाडू आमच्या जिवावर श्रीमंत होतात. मग जाब विचारला तर बिघडले कोठे?' हा युक्तिवाद वरवर न्यायाचा वाटतो. न्याय म्हणजे ज्याचे त्याला देणे. मग खेळाडू आपले नेमके काय देणे लागतो? ऋण तेथेच उत्पन्न होते जेथे वचन दिलेले असते. खेळाडू प्रामाणिकपणे आणि सर्व शक्तीनिशी खेळण्याचे वचन देतो. विजयाचे वचन तो देऊच शकत नाही, कारण समोर तेवढ्याच प्रामाणिकपणे खेळणारा दुसरा उभा असतो. दोघांनीही विजयाची हमी दिली असती, तर दोघांपैकी एक निश्चितच खोटा ठरला असता.

यावरून एक भेद स्पष्ट होतो. सामना विकणे, सट्ट्यासाठी खेळाशी प्रतारणा करणे ही फसवणूक होय. तेथे वचन मोडलेले असते आणि संतापाला पूर्ण अधिकार असतो. आपला पुण्याचा संघ मुळी अस्तित्वात आला तोच एका सट्टेबाजीच्या प्रकरणातील शिक्षेमुळे, हे विसरता येत नाही. डावपेचांची चिकित्सा करणे, अमुक फलंदाज आधी यावयास हवा होता असे म्हणणे, हाही रसिकाचा हक्क आहे. पण मनापासून खेळून एका धावेने हरलेल्या माणसाकडे वसुलीला जाण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला? दुःखाचा अधिकार वेगळा आणि वसुलीचा अधिकार वेगळा. पहिला प्रेमातून येतो. दुसरा केवळ ऋणातून येऊ शकतो, आणि येथे ऋणच नाही.

ही गल्लत किती दूर जाते याचे दाखले आहेत. १९९६ च्या विश्वचषकात कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर भारताचा डाव कोसळताच प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, आगी लावल्या; सामना श्रीलंकेला बहाल करण्यात आला आणि आपला विनोद कांबळी रडत मैदानाबाहेर आला. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या एका साखळी सामन्यातील पराभवानंतर मोहम्मद कैफच्या अलाहाबाद येथील घरावर जमाव चालून गेला. तोच संघ महिनाभराने अंतिम सामन्यात पोहोचला! सर्वांत भीषण घटना घडली ती कॅथलिक बहुसंख्य कोलंबियात. १९९४ च्या फुटबॉल विश्वचषकात आंद्रेस एस्कोबार या खेळाडूकडून चेंडू चुकून स्वतःच्याच गोलात गेला. दहा दिवसांनी मेडेलिन शहरात त्याची गोळ्या घालून हत्या झाली. झावळ्यांच्या रविवारचा आणि शुभ शुक्रवारचा समुदाय दरवर्षी वाचनांतून ऐकणाऱ्या आपणांस समुदायाच्या मनाचे हे पालटणे अपरिचित नसावे.

ऑगस्टीन यांनी आपला मित्र अलिपियस याची हकिकत लिहून ठेवली आहे. रक्तपाताच्या खेळांचा त्याला तिटकारा होता. रोममध्ये मित्रांनी त्याला ओढून नेले तेव्हा तो डोळे घट्ट मिटून बसला. पण अकस्मात गर्दीचा प्रचंड गजर झाला, त्याने डोळे उघडले आणि त्या क्षणापासून तो गर्दीतलाच एक होऊन ओरडू लागला. माणूस एकटा असताना जे बोलणार नाही, ते गर्दीत बोलतो. आज तर घरी एकट्याने बसूनही हातातील मोबाईलमुळे गर्दीत सामील होता येते. म्हणून हा धोका घरात शिरला आहे.

आमच्या मते या प्रश्नाचे सर्वांत जवळचे अंग आपल्या कारखान्यांच्या फाटकाशी आहे. आपल्या पट्ट्यात माणूस कसा मोजला जातो? दिवसाच्या टार्गेटवर, रिजेक्शनमध्ये निघालेल्या मालावर, शेवटच्या महिन्याच्या आकड्यावर. कंत्राटी मुलाला काही महिन्यांनी 'ब्रेक' दिला जातो. त्याने मधल्या काळात किती निष्ठेने काम केले हे विचारले जातेच असे नाही. अंतिम सामन्याच्या तीनच दिवस आधी, १८ मे २०१७ रोजी, जनरल मोटर्सने भारतातील मोटारविक्री वर्षअखेर बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. गहुंजेपासून थोड्याच अंतरावर असलेल्या तळेगावच्या कारखान्यातील उत्पादन निर्यातीसाठी चालू राहिले, पण डिसेंबर २०२० मध्ये तेही थांबले. तेथील कामगारांच्या हातांत काही उणे होते म्हणून हे घडले, असे कोण म्हणेल? आपल्यापैकी अनेकांनी नोकरी गेलेल्या बापाचा, भावाचा चेहरा पाहिला आहे. 'इतकी वर्षे केले त्याचे काहीच नाही का?' हा त्याचा प्रश्न आपल्याला न्याय्य वाटतो.

मग तोच आपण संध्याकाळी पडद्यासमोर बसून, सारा हंगाम खेळलेल्या माणसाला एका चेंडूवरून निकामी ठरवतो तेव्हा काय करतो? जे माप आपल्याला दिवसभर काचते, तेच आपण दुसऱ्याला लावतो. खेळाडूच्या खात्यात कोट्यवधी असतील आणि आपल्या नसतील, पण माप तेच असते. शिवाय त्या मापाची सवय पडद्यापुरती राहत नाही. दहावीत थोडक्यात गुण हुकलेल्या मुलाच्या गुणपत्रिकेवर आपली नजर पडते, तेव्हा ती तेच माप घेऊन पडते.

या बाबतीत मराठी ख्रिस्ती समाजापाशी एक सुंदर स्मृती आहे. १९४३-४४ च्या मुंबईतील पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध 'रेस्ट' म्हणजे 'इतर' हा संघ खेळत होता. ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू अशा लहान समाजांचे खेळाडू त्यात असत. दुसऱ्या डावात त्या संघाच्या ३८७ धावा झाल्या. त्यांतल्या ३०९ एकट्या विजय हजारे यांच्या, सांगलीच्या मराठी ख्रिस्ती घरातल्या तरुणाच्या. त्यांचे बंधू विवेक यांनी केवळ २१ धावा करीत एक बाजू लावून धरली आणि दोघांनी मिळून ३०० धावांची भागी रचली. सामना तरीही गेला, तोही एका डावाने. पण आज त्या सामन्याचे नाव निघाले की विजेत्यांआधी हजारे आठवतात. पराभवाने त्या ३०९ धावांतील एकही धाव पुसली गेली नाही. विवेक यांच्या २१ धावाही पुसल्या गेल्या नाहीत.

मग हरलेल्या संघाचे आपण कोण? धनको खचितच नव्हे. आपण त्याचे आप्त आहोत. आप्ताला दुःख होते, तो प्रसंगी कान उपटतो, पण वसुलीला येत नाही आणि दारही लावून घेत नाही. २०१८ मध्ये चेन्नईचे सामने गहुंजेला आले आणि त्याच आसनांवर पिवळे सदरे दिसू लागले. त्यात गैर काही नाही. खेळ पुढे जातो. पण एका धावेने हरलेल्या त्या जांभळ्या सदऱ्यातील मुलांविषयी कोणी दोन चांगले शब्द बोलला, तर त्याने आपल्या मनाचीच मशागत केली असे आम्ही म्हणू.

तेव्हा पालकांना आमची एक विनंती आहे. पुढच्या वेळी आपला संघ अखेरच्या क्षणी हरेल आणि घरातील लहानगा रडू लागेल, तेव्हा 'एवढ्याशा गोष्टीला काय रडतोस' म्हणून त्याला हिणवू नये. त्याच्या देखत हरलेल्या खेळाडूला शिवीही देऊ नये. थोडा वेळ त्याच्याजवळ बसावे आणि त्या दिवशी आपल्या संघातील कोण काय चांगले खेळला हे त्याला आठवावयास सांगावे. उद्या तो स्वतः कोठेतरी हरून घरी येईल, तेव्हा आपण त्याला कोणत्या मापाने मोजू हे त्याला त्या संध्याकाळी कळलेले असेल.