काटा थांबला नाही

महागावच्या एका कापूस व्यापाऱ्याचा मुलगा पुण्याहून दिवाळीला घरी आला होता. लॅपटॉप सोबत, काम चालूच. त्याच्या कंपनीच्या कोट्यवधी नोंदी रेडिस या डेटाबेसमध्ये होत्या. तिथे प्रत्येक नोंदीला एक ‘की’ असते. ती पूर्ण सांगितली तर नोंद क्षणात मिळते. त्या दिवशी मात्र त्याला यवतमाळच्या सगळ्याच नोंदी हव्या होत्या. त्याने ‘कीज यवतमाळ:*’ अशी आज्ञा दिली. रेडिस एका वेळी एकच आज्ञा पाळतो. तो सगळा साठा धुंडाळत बसला आणि तेवढा वेळ बाकीच्या आज्ञा खोळंबल्या. ग्राहकांच्या तक्रारी सुरू झाल्या.

मुलगा हिरमुसून बाहेर आला. अंगणात वडील काट्यावर होते, कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. तेवढ्यात गुंजच्या शेतकरी गटाचा माणूस हिशेबासाठी आपल्या गावच्या साऱ्या पावत्या मागू लागला. वडिलांनी गठ्ठा ओढला, दहाएक पावत्या चाळल्या, गुंजच्या तेवढ्या बाजूला काढल्या, तिथे काडी खोचली आणि पुढच्या ट्रॅक्टरचं वजन केलं. मग पुन्हा काडीपासून पुढे. कधी दहांत गुंजची एकही निघेना. तरी गठ्ठा संपेपर्यंत त्यांनी चाळणं सोडलं नाही.

“बाबा, एकदाच बसून काढल्या असत्या तर लवकर झालं असतं.”

“त्याचं झालं असतं, बापू. पन रांगेतल्यायनं काय पाप केलं? एकाच्या कामापायी साऱ्यायले ताटकळत ठेवाचं नसते.”

मुलगा आत गेला. २०१३ मध्ये आलेल्या २.८ आवृत्तीपासून रेडिसमध्ये ‘स्कॅन’ ही आज्ञा आहे. या वेळी त्याने ती वापरली. ती थोड्या थोड्या की तपासते आणि दरवेळी ‘कर्सर’ नावाचा एक आकडा देते. तो आकडा परत दिला की शोध तिथून पुढे चालतो, मधल्या वेळेत इतरांची कामं होतात. एखादी फेरी रिकामी आली म्हणून थांबायचं नाही. कर्सर शून्य आला की संपलं. एखादी की दोनदा येऊ शकते, म्हणून त्याने दुबार आलेल्या गाळल्या. एकूण वेळ जास्त लागला, पण तो देण्यासारखाच होता. एकाही ग्राहकाला खोळंबावं लागलं नाही.

संध्याकाळी वडील नवी फाईल लावत होते. गुंजवाले दर हंगामात येतात, तेव्हा त्यांच्या पावतीची एक प्रत फाडतानाच वेगळी ठेवायची, असं त्यांनी ठरवलं होतं. मुलाने ते पाहिलं आणि रात्री प्रोग्राम बदलला. आता यवतमाळची नवी नोंद झाली की तिची की लगेच ‘यवतमाळ’ नावाच्या वेगळ्या संचातही जाते.