पहारा कुणाचा?

जानेवारी २००७. पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरिया देशाची राजधानी मनरोव्हिया. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत दाखल होण्यासाठी केंद्रीय राखीव पोलीस दलाची एक तुकडी तिथे उतरली. शंभराहून अधिक महिला पोलीस आणि त्यांच्या प्रमुखही महिलाच, सीमा धुंडिया. शांतिसेनेत महिलांची अशी सशस्त्र पोलीस तुकडी जगात पहिल्यांदाच येत होती, आणि ती भारताची होती.

लायबेरियातली यादवी २००३ मध्ये थांबली. ती थांबावी म्हणून तिथल्या ख्रिस्ती आणि मुसलमान बायका पांढरे कपडे घालून मासळीबाजाराजवळच्या मैदानात उन्हापावसात दिवसचे दिवस बसल्या होत्या. तह झाला, बंदुका खाली ठेवल्या गेल्या. पण बायकांच्या मनातली भीती तहाने कशी जाणार? त्या युद्धात बलात्कार सर्रास झाले होते आणि करणारे बहुतेक बंदूकधारी पुरुष होते. आता गाऱ्हाणं सांगायला जायचं, तर समोर पुन्हा बंदूकधारी पुरुषच!

अशा शहरात या महिला रात्रीच्या गस्तीला निघत. बहुतेक वस्त्यांत वीज नव्हती आणि स्थानिक पोलिसांकडे शस्त्रं नव्हती. त्यांच्या सोबतीला खांद्यावर रायफल घेतलेल्या आपल्या या लेकी अंधाऱ्या रस्त्यांवरून फिरत. दिवसा राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयावर पहारा देत, जमाव बिथरला तर त्याला आवरत. त्यातून सवड काढून तिथल्या मुलींना स्वसंरक्षण, प्रथमोपचार आणि संगणक शिकवत. गणवेशातली बाई हुकूम देते, वाहन चालवते, शस्त्र बाळगते आणि तरीही आपली विचारपूस करते, हे त्या मुलींनी रोज पाहिलं.

एकामागून एक तुकड्या जात राहिल्या. २०१६ मध्ये शेवटची तुकडी परतली, तेव्हा लायबेरियाच्या सुरक्षा दलांतलं महिलांचं प्रमाण ६ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर गेलं होतं. त्याचं सगळं श्रेय आपल्या महिलांना देऊ नये. ज्या मुली भरती झाल्या, धाडस त्यांचं होतं. पण हे आपल्यालाही जमेल, असा विश्वास त्यांना या पाहुण्या पोलिसांकडे बघून आला, हे संयुक्त राष्ट्रांनीही मानलं.

आजही शांतिसेनेच्या लष्करी तुकड्यांत महिला थोड्याच दिसतात. ही संख्या वाढायला हवी, ती केवळ समान संधीसाठी नव्हे. ज्या घरात परक्या पुरुषाला प्रवेश नाही, तिथलं दुःख बाईच ऐकून येऊ शकते. ते ऐकूनच घेतलं नाही, तर त्या घरापुरतं युद्ध संपलेलंच नसतं.

म्हणून देश असो, गाव असो की आपली गल्ली, सुरक्षिततेचा बंदोबस्त ठरवताना पहिला प्रश्न ज्यांना भीती वाटते त्यांनाच विचारावा: पहाऱ्यावर कोण उभं असलं, तर तुम्ही निर्धास्तपणे दार उघडाल? आणि उत्तर मिळालं, की त्या माणसाला तिथे उभं करावं.